इथे एकदा पडून गेलाय

लोणारच्या माणसाला आकाशातल्या दगडाची भीती घालता येत नाही. फार पूर्वी, नक्की किती पूर्वी यावर आम्ही शास्त्रज्ञ अजून भांडतोय, वरून एक दगड आला आणि आमच्या गावाशेजारी पावणेदोन किलोमीटर रुंदीचा खड्डा करून गेला. खड्ड्यात आता खारं पाणी आहे, काठाने देवळं आहेत आणि वरच्या बाजूला गाव आहे. माझे वडील, सानप गुरुजी, शाळेची पोरं घेऊन त्या काठावर उभे राहायचे. एखादं पोरगं घाबरून विचारायचंच, की पुन्हा पडला तर? गुरुजी चष्मा वर करून म्हणायचे, "भिऊ नको. इथं एकदा पडून गेला हाये. त्याच जागी पुन्हा पडाले त्याले काय याड लागलं?"

पोरं हसायची. माझा धाकटा भाऊ नंदू सगळ्यांत मोठ्याने हसायचा, कारण त्याला हे वाक्य येणार हे आधीच माहीत असायचं.

पुढे मी खगोलशास्त्र शिकले, पुण्याच्या आकाशपहारा केंद्रात लघुग्रहांच्या कक्षा मोजायची नोकरी धरली, आणि कळलं की बाबांचं वाक्य साफ चूक आहे. आपण मागच्या वेळी कुठे पडलो होतो, हे दगडांना आठवत नसतं. दर वेळी पाटी कोरी. हे मी त्यांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, "तुझं बरोबर असंल. पण माझ्यानं पोरं झोपतात."

त्याच चुकीच्या वाक्याने त्या वर्षी हजारो माणसं लोणारला आणली. त्यात नंदू होता. आठ वर्षांनी.

दगड सापडला जुलैत. दीडशे मीटरच्या आसपासचा, म्हणजे पृथ्वीचं काही वाकडं करू शकणार नाही, पण पडला तर एक जिल्हा पुसून टाकेल एवढा. पहिल्या आठवड्यात आदळण्याची शक्यता निघाली तीन हजारांत एक. मग पाचशेत एक. मग नव्वदात एक. ऑगस्टच्या मध्याला बारात एक, आणि देशाची झोप उडाली. डिसेंबरात येणार होता. पडलाच तर कुठे पडेल याचा एक लांबट पट्टा आम्ही नकाशावर काढला होता. तो मध्य आशियातून निघून देशाच्या पोटातून थेट दक्षिणेच्या समुद्रात उतरत होता. पट्ट्यात बंगळुरू होतं. आणि लोणारही होतं.

आकडा का वाढतोय, हे लोकांना समजावता समजावता माझा घसा बसला. टीव्हीवाले विचारायचे, "म्हणजे मॅडम, दगड जवळ जवळ येतोय?" अहो, दगड त्याच्या वाटेने चाललाय. बदलतंय ते आमचं अज्ञान. शेवटी मी आईचं उदाहरण द्यायला लागले. माझ्या लहानपणी आईची नाकातली मोरणी गव्हाच्या पोत्यात पडली होती. आई सूप सूप गहू पाखडत बसली. समजा त्या पोत्यातला एक मूठ गहू म्हणजे पृथ्वी. पोतं भरलेलं असताना मोरणी नेमकी त्या मुठीत असण्याची शक्यता नगण्य. निम्मं पोतं पाखडून झालं आणि मोरणी मिळाली नाही, की उरलेल्या प्रत्येक मुठीवरचा संशय दुप्पट. जितकं पाखडाल तितका संशय वाढत जातो. आणि मग अचानक, पुढच्याच सुपात मोरणी चमकते आणि उरलेल्या सगळ्या मुठी एका क्षणात निर्दोष सुटतात. आकडा वाढत वाढत जातो आणि एकदम शून्य होतो. बहुतेक वेळा असंच होतं.

"बहुतेक वेळा," असं म्हटलं की समोरचा माणूस पुढचं काही ऐकत नाही, हेही मी तेव्हा शिकले.

त्यात दगड सूर्याच्या उजेडात दडला. पाच आठवडे कुठल्याच दुर्बिणीला दिसणार नव्हता. पोतं अर्धवट पाखडलेलं आणि सूप खाली ठेवलेलं. आकडा बारात एकवर अडकून बसला, आणि त्या पाच आठवड्यांत माणसांनी जे जे करायचं ते केलं. शाळा बंद पडल्या, नर्सेस घरी गेल्या, पट्ट्यातली माणसं पट्ट्याबाहेर पळाली आणि पट्ट्याबाहेरची काय करावं ते न कळून उलटी पट्ट्यात शिरली. कुणीतरी बाबांचंच वाक्य, किंवा बाबांसारख्या कुणाचं तरी, मोबाइलवर फिरवलं: लोणारला एकदा पडून गेलाय, तिथे पुन्हा पडत नाही. गाड्याच्या गाड्या निघाल्या.

बंगळुरूहून नंदूचा फोन आला तेव्हा मी त्याला पुण्याला बोलावलं. पुणे पट्ट्याबाहेर आहे, माझा फ्लॅट आहे, बायकोला, वीणाला, आणि मुलीला घेऊन ये म्हटलं.

"नको ताई, लोणारला जातो."

"अरे, तू इंजिनिअर आहेस ना? लोणार पट्ट्यात आहे."

"माहितीये. पण बाबा म्हणायचे ना..." एवढंच बोलून तो थांबला. मला कळलं, की त्याला घरी जायचं होतं आणि आठ वर्षांनी घरी जायला काहीतरी निमित्त लागतं. मी वाद घातला नाही.

आठ वर्षांपूर्वी बाबा गेले. दोन दिवस त्यांनी नंदूची वाट पाहिली. नंदू बंगळुरूहून "निघतो, निघतो" म्हणत राहिला आणि पोचला तेव्हा बाबा गेलेले होते. दहाव्याला धारेवर, म्हणजे विवराच्या काठावरच्या त्या बारमाही झऱ्यापाशी, नंदूने पिंड मांडला. कावळा शिवेना. भिंतीवर रांगेत बसलेले, पण एकही खाली उतरेना. ऊन चढलं. मामांनी सांगून पाहिलं, की गुरुजी, तुमच्या बायकोला आम्ही सांभाळू. काकांनी सांगून पाहिलं. कावळे ढिम्म. आणि तेव्हा आईने, रडून रडून डोकं ठिकाणावर नसलेल्या माझ्या आईने, सगळ्या भावकीसमोर नंदूला म्हटलं, "तुह्यातच अडकला जीव त्यायचा. तू आला नाहीस म्हणून शिवत नाही."

त्या दिवशी धारेवर आणखी तीन दहावे होते. कावळ्यांची पोटं तुडुंब होती. मी हे तिथेच मोठ्याने म्हणाले, पण पिंडापाशी बायकांचं कोण ऐकतं, त्यातून शिकलेल्या बाईचं. शेवटी दर्भाचा कावळा करून शिवून घेतला. नंदू तेरावं उरकून गेला तो गेला. दिवाळीला फोन करायचा, तोही माझ्याकडे. त्याला मुलगी झाली ती आईने मोबाइलच्या पडद्यावर पाहिली.

दर तीन आठवड्यांनी केंद्रात आम्हाला सक्तीची सुट्टी असते, दमलेल्या डोक्याने आकडे मोजू नयेत म्हणून. सप्टेंबरात ती मिळाली आणि मी लोणारला गेले. गाव ओळखू येईना. शाळेच्या पटांगणात तंबू, देवळांच्या ओवऱ्यांत गाद्या, हॉटेलवाल्याने चहाची पातेली चुलीऐवजी चक्क रस्त्यावर मांडलेली. आमचं घर म्हणजे दोन खोल्या आणि पुढे पत्र्याची पडवी. पडवीत आई बसली होती आणि तिच्या पुढ्यात सात वर्षांची एक पोर. आई तिच्या केसांना तेल चोळत होती.

"हे पाह्य, आर्वी," आई मला म्हणाली. "नाव काय ठेवलं तर आर्वी. आर्वी तं वर्ध्याकडं हाये. एसटीनं जाता येते."

"आजी, मी गाव नाहीये," आर्वी म्हणाली.

"नाहीस तं नाहीस. मान खाली कर."

मी आईला असं कधी पाहिलं नव्हतं. एकाहत्तराव्या वर्षी तिचा आवाज चढा झाला होता. ती वीणाला भाकरी थापायला शिकवत होती, वीणाची भाकरी फाटली की हसत होती आणि फाटलेली भाकरी स्वतःच्या ताटात घेत होती. नंदू सकाळी पडवीत बसून ऑफिसचं काम करायचा आणि आई त्याच्यासमोर दर अर्ध्या तासाने काहीतरी आणून ठेवायची. शेंगदाणे. ताक. पुन्हा शेंगदाणे. दोघं फारसं बोलत नव्हती, आणि त्या दहाव्याबद्दल तर अवाक्षरही नाही. पण तो ताटलीतला शेवटचा दाणासुद्धा खायचा.

मी निघायच्या आधी आईने मला मागच्या दाराशी ओढलं.

"पितृपक्षात दशमीला त्यायची तिथ हाये. नंदू धारेवर बसतो म्हणला. मी नाही मागतलं हं, तोच म्हणला. आठ वर्सं झाले रेणुका, पोराच्या हातचं पान नाही भेटलं त्यायले."

"छान झालं की."

"हो." मग तिने दार अर्धं लोटून घेतलं. "सकाळी देवाले म्हंते, बाप्पा, तो दगड कोनावर पडू देऊ नको. आन् संध्याकाळी समदे एका ताटाशी बसले का वाटते, पडू नको, पण जराक लोंबकळत राह्य. हे पाप हाये का?"

मी म्हटलं, नाही. आणि खरंच मला ते पाप वाटलं नाही. गाडीत बसल्यावर मात्र रडू आलं. आईला जे मिळालं होतं ते माझ्या हातातल्या आकड्यावर उभं होतं आणि तो आकडा टिकणार नाही असं मला मनातून वाटत होतं.

दगड सूर्यामागून निघाला तो पितृपक्षातल्या सप्तमीला. आमच्याकडे ढग होते, पण दक्षिण अमेरिकेतल्या दुर्बिणीला तो पहाटेच्या आकाशात सापडला. पाठोपाठ रडारनेही पकडला. रडार म्हणजे पोत्यात सरळ लोहचुंबक घालणं. दुपारपर्यंत माझ्यासमोर नव्या मोजमापांची रांग होती. मी कक्षा काढली. पुन्हा काढली. दगड पृथ्वीपासून चंद्राच्या निम्म्या अंतरावरून जाणार होता. आदळण्याची शक्यता शून्य. बारात एक नाही, लाखात एक नाही, शून्य. मोरणी सापडली होती.

आमच्या कामाचा एक नियम आहे. जगात तीन केंद्रं स्वतंत्रपणे मोजणी करतात आणि तिन्ही जुळल्याशिवाय काहीही जाहीर होत नाही. प्रत्येक केंद्रात मोजणाऱ्याने शेवटी एक नोंद करायची असते: शंका आहे, किंवा शंका नाही. एकाही केंद्राने "शंका आहे" म्हटलं की जाहीर करणं थांबतं, आणखी निरीक्षणं घेतात, पुन्हा मोजतात. त्यात दोन-तीन दिवस सहज जातात. कुणी जाब विचारत नाही. उलट सावध माणूस म्हणून कौतुकच होतं.

युरोपचं आलं होतं: शंका नाही. दक्षिण अमेरिकेचं: शंका नाही. माझ्या शेजारी तांबोळी उभा होता. तो आणि मी अकरा वर्षं एका खोलीत काम करतो, आणि तो मला कधीही घाई करत नाही.

"एका निरीक्षणाचं घड्याळ जरा पुढे दिसतंय," मी म्हटलं.

"ते काढून मोजलंस?"

"काढूनही शून्यच येतंय."

"मग?"

मग काय. मग दशमीला अजून तीन दिवस होते. आकडा आज शून्य झाला तर उद्या शाळा उघडण्याच्या घोषणा होतील, ऑफिसं माणसांना परत बोलावतील, आणि नंदू जाईल. घड्याळ जरा पुढे होतं, हे खोटं नव्हतं. मी एक ओळ लिहायची, बस. कुणाला आयुष्यात कळलं नसतं. माझ्या आईला तीन दिवस मिळाले असते, आणि बाबांचं पान. मी हे सगळं तांबोळीला सांगितलं. त्याला आमच्या घरचा इतिहास माहीत आहे.

तो खुर्चीत बसला. "रेणुका, तू म्हणशील ते मी धरून चालेन," तो म्हणाला. "पण ते विहिरीचं विसरू नकोस."

मी विसरले नव्हते. लोकांचे फोन घ्यायची पाळी आम्हा सगळ्यांवर यायची. आदल्या आठवड्यात एका माणसाने मला विचारलं होतं, पडीक विहिरीत उतरून राहिलं तर धक्क्यातून वाचू का? मी म्हटलं होतं, कृपा करून उतरू नका, तळाला हवा नसते, आणि दगड पडलाच तरी तो डिसेंबरात. तो म्हणाला, "पण बारात एक म्हणजे पुष्कळ होतं ना ताई." दोन दिवसांनी पेपरात बातमी आली. नवरा, बायको आणि म्हातारी सासू, तिघं दोराने उतरले आणि तळाच्या वाईट हवेत गेले. हा तोच माणूस होता का, मला माहीत नाही. मी शोधलं नाही. तीन दिवसांत अशा आणखी किती विहिरी असतील, याचा आकडा मात्र माझ्याकडे नव्हता.

मी नोंद केली: शंका नाही.

संध्याकाळी बातमी गेली. पुण्यात फटाके लागले. केंद्राच्या दारात अनोळखी माणसं पेढे घेऊन आली, एका आजोबांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. मी पेढा तोंडात धरून उभी होते, तेवढ्यात आईचा फोन आला. मागे गावातला गलका ऐकू येत होता.

"चांगलं झालं पोरी," ती म्हणाली. "समदे वाचले." मग अगदी हळू, "दोन-तीन दिस ठेवता नाही आलं का तुले?"

मी म्हटलं, "नाही आई."

"नाही तं. कसं ठेवशील." तिने फोन ठेवला.

दुसऱ्या दिवशी मी रजा टाकून निघाले. समोरून गाड्यांचा पूर येत होता आणि लोणारच्या दिशेने जाणारी माझी एकटीचीच गाडी. पोचले तेव्हा उन्हं उतरली होती. पडवीत बॅगा भरलेल्या. वीणाने मला पाहून मान खाली घातली. "मी म्हटलं त्यांना थांबूया," ती हळूच म्हणाली. "ऐकत नाहीत."

नंदू विवराच्या काठावर होता, बाबा जिथे पोरांना उभं करायचे तिथेच. मी सरळ विचारलं, "दशमी परवा आहे. दोन दिवसांनी काय बिघडतं?"

"सोमवारी शाळा आहे तिची."

"एक दिवस बुडेल."

"ऑफिस..."

"नंद्या."

तो खाली तळ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "ताई, परत नाही शिवला तर?"

मी त्याच्या शेजारी जाऊन उभी राहिले.

"दगड पडणार असता ना, तर मी बसलो असतो," तो म्हणाला. "खरंच बसलो असतो. नसता शिवला तरी काय, डिसेंबरनंतर कुणी लक्षात ठेवायला उरतंय की नाही, असं वाटत होतं. आता सगळे उरणार. आई उरणार, भावकी उरणार, मी उरणार. परत तसंच झालं तर मी कसं जगू? आई परत तसंच बघेल माझ्याकडे."

"ती नाही बघणार तसं. आणि त्या दिवशी कावळ्यांची पोटं भरलेली होती, नंदू. तीन दहावे होते आणखी."

"मला माहितीये ते. तू तेव्हाच म्हणाली होतीस." तो हसला, अगदी लहानपणासारखा. "मला पटतंही ते. पण भिंतीवर ते रांगेत बसलेले असले, की पटत नाही."

मी त्याचा हात धरला. तो रडला, मीही रडले. पण तो थांबला नाही. दगड पडण्याची शक्यता शून्य आहे, हे मी अब्जावधी लोकांना पटवू शकले होते. कावळा न शिवण्याची शक्यता काय, हे मला माझ्या भावाला सांगता येत नव्हतं.

सकाळी ते निघाले. आईने दशम्या बांधून दिल्या, चटणी दिली, लोणच्याची बरणी गाडीत पायाशी उभी करून दिली. आर्वी गाडीत बसायला तयार होईना.

"दगड पडणार नाहीये ना?" तिने विचारलं.

"नाही बाळा," नंदू म्हणाला.

"मग आपण का जातोय?"

आईने तिच्या गालांवरून हात फिरवून बोटं मोडली. मग नंदूकडे वळली. तिला काहीतरी बोलायचं होतं. आठ वर्षं साठवलेलं ते तिच्या ओठांपर्यंत आलेलं मला दिसलं. नंदूही थांबला होता. पण ती एवढंच म्हणाली, "येजो." तो म्हणाला, "येतो आई." गाडी वळली, तशी आई पडवीचा खांब धरून उभी राहिली. धूळ बसल्यावरही तशीच उभी होती.

दशमीला धारेवर जायचं कारणच उरलं नव्हतं. भटजींना नको म्हणून निरोप दिला. पण आईने स्वयंपाक केला. बाबांना आवडायची तशी कढी केली, वडे केले, खीर केली. केळीच्या पानावर सगळं वाढून म्हणाली, "तू ठेव. तू बी त्यायचीच हायेस."

मी पान पडवीच्या पुढच्या भिंतीवर ठेवलं आणि मागे सरले. गाव रिकामं झालं होतं. पटांगणात तंबूंचे खुंट तेवढे उरले होते. मी पाणी फिरवायला तांब्या उचलते न उचलते, तोवर एक कावळा आला. आला तो सरळ पानावर बसला, वडा उचलला आणि उडाला. त्याच्यामागून दुसरा. त्याच्यामागून आणखी दोघं. पाच मिनिटांत पान चाटूनपुसून साफ.

एवढी माणसं निघून जाऊन उष्टं-खरकटं मिळेनासं झाल्यावर उपाशी कावळ्यांनी उतरणं यात नवल काहीच नाही, हे मला ठाऊक आहे. पण पाणी फिरवायचं राहूनच गेलं. नंदू एक दिवस थांबला असता तर. नुसता एक दिवस.

आई भिंतीशी आली. रिकाम्या पानाकडे खूप वेळ बघत राहिली.

"त्यायचं काही अडकलं नव्हतं," ती म्हणाली. "तवाबी नव्हतं. अडकलं ते माहं हाये, रेणुका. अन् मी ते पोराच्या डोक्यावर ठेवलं."

"त्याला फोन करून सांगू का? शिवला म्हणून?"

"काय सांगशीन? तू नव्हता तं शिवला म्हून?"

मी मोबाइल पुन्हा खाली ठेवला. तसं सांगणं म्हणजे त्याला आणखी एकदा तिथे उभं करणं होतं.

दुपारी आम्ही दोघी जेवलो. आईने नंदूचं ताट चुकून मांडलं आणि मग उचललं नाही, तसंच राहू दिलं. जेवण झाल्यावर ती पडवीत येऊन बसली आणि मला म्हणाली, "तुले सांगता येते ना समदं? कोन्ता दगड कवा येते ते?"

"बरंचसं."

"हा दगड पुन्हा कवा येईन?"

मी तिच्याकडे पाहिलं. ती अगदी सरळ विचारत होती, एसटी किती वाजता आहे असं विचारावं तसं.

उत्तर मला माहीत होतं. या वेळी पृथ्वी त्याला इतक्या जवळून ओढणार होती, की त्याची वाट कायमची बदलणार होती. पुढची दीडशे वर्षं तो आमच्या आसपास फिरकणार नव्हता. तिन्ही केंद्रांचा हिशोब जुळला होता, आणि त्यावर माझीच नोंद होती.

"दहा वर्षांनी," मी म्हटलं. "येईल असं वाटतंय."

आई बोटांवर मोजायला लागली. ओठ हलत होते. "म्हंजे मी एक्क्याऐंशीची," ती म्हणाली. "अन् आर्वी सतराची. चांगली उंच झाली राहीन." ती थोडा वेळ रस्त्याकडे बघत बसली. "तवरक राह्यते मी."

मग ती उठून आत गेली. नंदूने, वीणाने आणि पोरीने वापरलेल्या चादरी धुवायला न टाकता तिने तशाच घड्या घातल्या आणि कपाटात वरच्या फळीवर ठेवून दिल्या.